एम-थ्री अवघड नाही, नववी-दहावी कच्ची आहे

वाचकहो, इंजिनिअरिंगचे निकाल लागले की आपल्या खेड तालुक्यातल्या कितीतरी घरांत दोन-चार दिवस कोणी कोणाशी धड बोलत नाही. कारण विचारले, तर पोरगे मान खाली घालून सांगते, "बाकी सगळं निघालं, फक्त एम-थ्री राहिला." घरच्यांना एम-थ्री म्हणजे काय ते ठाऊक नसते. आमच्या आजीला तर वाटले होते, चाकण एमआयडीसीच्या फेज थ्रीमधली एखादी कंपनीच असेल आणि तिने नातवाला कामावर घेतले नसेल!

एम-थ्री म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा गणिताचा पेपर. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन, व्हेक्टर असे सगळे त्यात येते. मराठी विश्वकोशात याला 'अवकलन व समाकलन' असे भारदस्त नाव आहे. आम्ही पोरे नुसते 'कॅल्क्युलस' म्हणतो. या पेपरात मी एकदा नापास झालो आणि दुसऱ्या खेपेला चांगल्या गुणांनी पास झालो. या दोन परीक्षांच्या मधल्या पाच-सहा महिन्यांत मला जे उमगले, ते गावाकडच्या पोरांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या कानावर घालावे, एवढ्यासाठी हा लेख.

जमीन, फी आणि निकाल

आपल्या भागात हा प्रश्न नुसत्या एका पेपरचा नाही. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, पुढे आकुर्डी, चिंचवड, भोसरी कारखान्यांनी भरून गेली. मग पाळी आली चाकणची. १९९९ मध्ये बजाजचा मोटारसायकलचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण वाहनांचे गाव झाले. कोणाची दोन एकर गेली, कोणाची दहा. मोबदला आला, त्यातून कोणी बंगला बांधला, कोणी गाडी घेतली. शहाण्या माणसांनी त्यातली काही रक्कम पोरांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवली.

आमच्या वडिलांनी तेच केले. दोन एकर गेली, उरलेल्या एकरभरात कांदा. ते म्हणाले, "आपल्या वावरात कारखाना झालाय. तिथं तू ठेकेदाराच्या हाताखाली बारा तास उभा राहायचं नाहीस. खुर्चीवर बसायचं." दहावीनंतर मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. पहिल्याच परीक्षेत एम-थ्रीने आडवे पाडले. चाळीस लागतात, मला मिळाले एकतीस.

आता पाहा, नोकरीसाठी महाविद्यालयात येणाऱ्या कंपन्यांपैकी बऱ्याच जणांची पहिली अट असते की बॅकलॉग नको. म्हणजे ज्या जमिनीवर कंपनी उभी आहे तिथलाच पोरगा एका पेपरपायी त्या कंपनीच्या मुलाखतीला बसू शकत नाही. मग तो ठेकेदाराकडे जातो. जमिनीचा पैसा फीमध्ये गेलेला असतो, आणि पोरगा जिथे नको तिथेच उभा राहतो. म्हणून म्हणतो, हा पेपर साधा नाही.

उत्तरपत्रिकेने डोळे उघडले

नापास झाल्यावर मीही सगळ्यांसारखेच बोललो. पेपर अवघड होता, तपासणाऱ्याने गुण दिले नाहीत, सर भरभर शिकवतात, इंग्रजी समजत नाही. आमच्या महाविद्यालयातले एक सर म्हणाले, "विद्यापीठाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. फी भर आणि मागव. मग बोलू." मी तावातावाने छायाप्रत मागवली. वाटले, तपासणाऱ्याची चूक सापडेल.

सापडली ती माझीच. एका गणितात डी-वर्ग अधिक ४ डी अधिक ५ बरोबर शून्य असे समीकरण आले होते. हे दहावीचे वर्गसमीकरण. सूत्र मला पाठ होते. वर्गमुळाखाली उणे ४ आले, त्याचे २आय झाले, तेही बरोबर. पण शेवटी सगळ्याला २ ने भागताना मी ४ ला भागले आणि २आय तसेच ठेवले. उत्तर हवे होते उणे २ अधिक-उणे आय. मी लिहिले उणे २ अधिक-उणे २आय. तिथून पुढची दीड पान मेहनत पाण्यात. दुसऱ्या गणितात मी एक भागिले 'एक्स अधिक २' याचे तुकडे केले होते, एक भागिले एक्स अधिक एक भागिले दोन! आठवीच्या पोराने असे केले तर मास्तर कान धरतील. तिसऱ्या ठिकाणी कंस सोडवताना उणे चिन्ह आत न्यायला विसरलो होतो.

सरांनी माझ्याकडून एक यादी करवून घेतली. प्रत्येक चुकलेल्या गणितासमोर लिहायचे, ही चूक कोणत्या इयत्तेची. यादी झाली आणि मी गप्प झालो. बहुतेक चुका आठवी ते दहावीच्या, काही डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या त्रिकोणमितीतल्या. खुद्द एम-थ्रीमध्ये शिकवलेले मला समजलेच नाही, अशी जागा फक्त एक निघाली. सर म्हणाले, "तुझं वरचं घर ठीक आहे रे, जोतं खचलंय."

वाचकहो, माझे सांगणे एवढेच आहे. आपली पोरे पुढच्या गणितात नापास होतात ती मागच्या गणितामुळे. आणि मागचे पुस्तक पुन्हा उघडायची त्यांना लाज वाटते. इंजिनिअरिंगच्या पोराच्या हातात नववीचे बीजगणित दिसले तर गावात हसे होईल, या भीतीने ते पोर वर्षानुवर्षे अडकून पडते.

डिप्लोमावाल्यांची दुहेरी अडचण

थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या पोरांची आणखी एक अडचण आहे, ती त्यांना कोणी आधी सांगत नाही. बारावीवरून आलेला विद्यार्थी पहिल्या वर्षात एम-वन आणि एम-टू शिकून आलेला असतो. पार्शल डेरिव्हेटिव्ह, दुहेरी-तिहेरी इंटिग्रेशन, वक्र काढणे हे सगळे त्याच्या हाताखालून गेलेले असते. डिप्लोमात थोडेफार डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन होते, पण एवढे नाही. आणि एम-थ्रीचे सर 'हे तुमचे झालेच आहे' असे धरून पुढे जातात. माझ्या वेळी २०१९ चा अभ्यासक्रम होता. त्यात व्हेक्टरचे इंटिग्रेशन थेट या मागच्या शिकवणीवर उभे होते. अभ्यासक्रम बदलत राहतात, पेपरांची नावेही बदलतील. पण दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उडी मारायची ही अडचण कायम राहणार.

यावर उपाय एकच. प्रवेश निश्चित झाला की कॉलेज सुरू होण्याची वाट पाहू नये. एम-वन आणि एम-टूची जुनी पुस्तके वरच्या वर्गातल्या पोरांकडून मागून घ्यावीत आणि त्या मधल्या आठवड्यांत निदान पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि दुहेरी इंटिग्रेशन एवढे दोन धडे हातावेगळे करावेत. ग्रेवालांचे जाडजूड पुस्तक बहुतेक ग्रंथालयांत असते. पुणे विद्यार्थी गृहाने काढलेले वर्तीकरांचे पुस्तकही कितीतरी पिढ्यांनी वापरले आहे. नवे पुस्तक घ्यायलाच हवे असे नाही.

मी काय केले ते सांगतो

पहिली गोष्ट म्हणजे चुकांची वही. शंभर पानी साधी वही. गणित चुकले की बरोबर उत्तर नुसते बघून पुढे जायचे नाही. कुठल्या ओळीत चुकलो, का चुकलो, एवढे दोन ओळींत लिहायचे. महिनाभरात ध्यानात आले की माझ्या चुका फार नाहीत. त्याच सात-आठ चुका मी फिरून फिरून करतो. मग त्या सात-आठांवरच घाव घातला.

दुसरी गोष्ट, नववी-दहावीचे बीजगणित. धाकट्या बहिणीचे पुस्तक घेतले आणि रोज अर्धा तास त्यातली गणिते सोडवली. बहीण हसली. तीन आठवडे हसली, नंतर स्वतःच्या शंका मला विचारू लागली. तिला शिकवताना माझेच पक्के झाले.

तिसरी गोष्ट, बघणे आणि करणे यातला फरक. आता मोबाइलवर हवे तेवढे शिकवणारे मिळतात. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलची व्याख्यानेही फुकट आहेत. मी रोज दोन-दोन तास ते बघायचो आणि सगळे समजले असे वाटायचे. पण दुसऱ्याला विहिरीत पोहताना पाहून पोहता येते का? म्हणून नियम केला. एक गणित बघायचे, पुस्तक मिटायचे, मोबाइल उलटा ठेवायचा आणि तेच गणित कोऱ्या कागदावर पहिल्यापासून करायचे. अडलो तर पुन्हा बघायचे, पुन्हा मिटायचे. पहिल्या आठवड्यात रोज तीन गणिते व्हायची. दोन महिन्यांनी दहा होऊ लागली.

चौथी गोष्ट म्हणजे विचारणे. ही आपल्या पोरांना सगळ्यात जड जाते. वर्गात शहरातली, इंग्रजी शाळेतली पोरे फाडफाड बोलतात. आपण हात वर केला आणि इंग्रजी चुकले तर? मी पूर्ण एक सत्र तोंड उघडले नव्हते. नापास झाल्यावर धीर करून सरांच्या खोलीत गेलो आणि मराठीतच विचारले. सरांनी मराठीतच सांगितले. आमची भाषेची एवढी मोठी भीती पाच मिनिटांत गेली. पेपर इंग्रजीत लिहायचा असतो हे खरे, पण समजून घ्यायला मराठीला कोणी बंदी केलेली नाही. २०२१ मध्ये तर निगडीच्या पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकीचा वर्ग मराठीतून सुरू केला.

पाचवी गोष्ट, तिघांचा गट. आमच्या गावातला एक, शेजारच्या वाडीतला एक आणि मी. रविवारी देवळाच्या ओट्यावर बसायचो. ज्याला जे गणित आले त्याने ते बाकीच्या दोघांना मोठ्याने समजावून सांगायचे. सांगताना अडखळला की समजायचे, याला अजून आलेले नाही. ही रीत काही नवी नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली गणिते अशीच कोणाला तरी हाक मारून, समोर बसवून विचारलेली आहेत.

मोटारसायकलच्या मीटरमधले कॅल्क्युलस

घोकंपट्टीने एखाद वेळ चाळीस मिळतील, पण अर्थ कळला तर भीती जाते. आणि अर्थ आपल्या घराभोवतीच पडलेला असतो.

मोटारसायकलचा मीटर घ्या. त्यात दोन गोष्टी दिसतात, वेगाचा काटा आणि किलोमीटरचे आकडे. किलोमीटर किती झपाट्याने वाढताहेत ते काटा सांगतो, हे डेरिव्हेटिव्ह. आणि क्षणाक्षणाचा वेग साठत साठत जो हिशेब होतो तो किलोमीटरचा आकडा, हे इंटिग्रेशन. एक दुसऱ्याच्या उलट आहे हे सिद्ध करायला पुस्तकात पाने लागतात, पण मीटरमध्ये ते रोज दिसते.

कांद्याचे पीक पाण्यावरही अवलंबून असते आणि खतावरही. खत तेवढेच ठेवून पाणी थोडे वाढवले तर उत्पन्न किती वाढेल, हा पार्शल डेरिव्हेटिव्हचा प्रश्न आहे. भामचंद्र डोंगरावर उभे राहिलात, तर सगळ्यात खडा चढ ज्या दिशेला तो ग्रेडियंट. पावसाचे पाणी बरोबर त्याच्या उलट दिशेने खाली धावते. आणि ज्या गॉसच्या प्रमेयाने मला रात्र-रात्र जागवले, ते असे आहे: भरलेल्या वावराच्या चारी बांधांवरून किती पाणी बाहेर जाते ते मोजा, आत न उतरता कळेल की आतले झरे मिळून किती पाणी देतात. बांधावरचा हिशेब आणि आतला हिशेब सारखा. आमच्या वडिलांना हे सांगितले, तर म्हणाले, "यात काय शिकायचं? हे तर दिसतंयच."

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्यात ग्रहाच्या 'तात्कालिक गती'चा, म्हणजे त्या क्षणीच्या वेगाचा विचार आहे. दिवसभराची सरासरी वेगळी आणि त्या घटकेचा वेग वेगळा, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या नातवाने कोरवून घेतलेला शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. संपूर्ण कॅल्क्युलस उभे केले ते सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निझ यांनी, यात वाद नाही. पण हा विचार आपल्या मातीला परका नाही. आणि खेड्यातल्या पोराला जमत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आठवावेत. दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावात १८७६ साली जन्मलेला हा मुलगा १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला, म्हणजे सीनिअर रँग्लर झाला.

"कंपनीत कुठं लागतं हे?"

हा प्रश्न मला गावातले लोकही विचारतात आणि पोरेही. मशीनवर नट आवळणाऱ्याला इंटिग्रेशन लागत नाही, हे मी कबूल करतो. पण मग नटच आवळत राहायचे का, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या रस्त्यावर गाडी खड्ड्यातून गेली की शॉक-अ‍ॅब्सॉर्बर दबतो, उसळतो आणि हळूहळू शांत होतो. हे उसळणे आणि शांत होणे ज्या समीकरणाने मांडतात, ते माझ्या चुकलेल्या गणितासारखेच असते. उत्तरातले 'उणे २' सांगते की धक्का किती लवकर विरेल, आणि 'आय'समोरचा आकडा सांगतो की गाडी किती झपाट्याने वरखाली होईल. मी एका भागाकारात चुकलो आणि माझ्या कागदावरची गाडी दुप्पट झपाट्याने हेलकावे खाऊ लागली. आज मी सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत चाचणी विभागात काम करतो, आणि असले आलेख रोज समोर असतात. बहुतेक हिशेब संगणक करतो. पण संगणकाने दिलेला आकडा पटण्याजोगा आहे की नाही, हे माणसालाच ठरवावे लागते, आणि ते ठरवणाऱ्याला खुर्ची मिळते.

आईबापांनी आणि गावाने काय करावे

पालकांना हात जोडून विनंती आहे. निकालाच्या दिवशी पोराला विचारण्यापेक्षा अधूनमधून रात्री विचारा, "आज किती गणितं केलीस? वही दाखव बरं." तुम्हाला त्यातले काही कळले नाही तरी चालेल. माझे वडील सातवी शिकलेले. पण रोज रात्री ते माझी वही उघडून नुसती पाने मोजायचे. त्या मोजण्याच्या धाकाने मी अभ्यासाला बसायचो. परीक्षेच्या महिन्यात पोराला दर तासाला मोटर चालू करायला पाठवू नका. आणि एक विषय राहिला म्हणून पोराला पाहुण्यारावळ्यांसमोर टाकून बोलू नका. लाजेने कोणाचे गणित सुधारलेले मी पाहिले नाही. लाजेने पुस्तक मिटलेले मात्र पाहिले आहे.

ग्रामपंचायतींनाही सांगणे आहे. कारखान्यांच्या पट्ट्यातल्या आपल्या गावांना कराचे चार पैसे जास्त मिळतात. कमानी झाल्या, सभामंडप झाले. आता एक खोली, चार टेबले, फळा आणि रात्री दहापर्यंत वीज अशी अभ्यासिका प्रत्येक गावात व्हावी. आणि तिथे आठवी ते दहावीचे गणित पक्के करून घेणारा एक जाणता माणूस मानधनावर नेमावा. सारी गळती तिथेच होते.

कंपन्यांकडेही मागायला संकोच नको. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि शिक्षण त्या कामांत मोडते. शाळेला रंग आणि बाके मिळतात, त्याबद्दल आभार. पण सरपंचांनी एकदा असेही मागून पाहावे की रविवारी दोन तास तुमचा एक इंजिनिअर आमच्या अभ्यासिकेत पाठवा. त्याला फार खर्च येत नाही.

शेवटी माझ्या निकालाचे. दुसऱ्या खेपेला मला अडुसष्ट गुण मिळाले. पहिला नंबर नाही, फोटो छापून आला नाही. पण ओट्यावर बसणारे आम्ही तिघेही सुटलो. धाकटी बहीण आता अकरावी सायन्सला आहे. चुकांची माझी वही तिने मागून नेली आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर तिने स्वतःच्या चुका लिहायला सुरुवात केली आहे. यंदा तुमच्या घरात कोणाचा एम-थ्री राहिला असेल, तर त्याला रागावू नका. त्याची छायाप्रत मागवा, आणि घरातले दहावीचे पुस्तक रद्दीत दिले नसेल तर त्याच्या टेबलावर आणून ठेवा.